पाणी सगळ्यात शेवटी बोलतं : एव्हरग्लेड्समधल्या फॉस्फरसचं प्रकरण

एका स्वच्छ पाणथळीत सलग पाच वर्षं मोजूनमापून फॉस्फरस सोडला. तिथला मूळचा शेवाळाचा थर पार नाहीसा झाला, वनस्पतींचं वजन दुप्पट झालं. पण पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली की उत्तर एकच यायचं: फॉस्फरस वाढलेला नाही. पाण्यात तो दिसू लागला तेव्हा पाचवं वर्ष उजाडलं होतं.

हा प्रयोग फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या (एफआययू) संशोधकांनी एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात केला आणि 2005 साली त्याचा पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तोवर दक्षिण फ्लोरिडात एका आकड्यावरून कोर्ट, विधिमंडळ, ऊस बागायतदार आणि दोन-तीन विद्यापीठं यांची दीड दशकं झुंज चालू होती. पाणथळीत येणाऱ्या पाण्यात लिटरला किती मायक्रोग्रॅम फॉस्फरस चालेल? दहा? पंधरा? पन्नास? आकडे ऐकायला किरकोळ वाटतात. 25 लाख लिटर पाणी मावणाऱ्या ऑलिंपिक जलतरण तलावाचा हिशेब केला, तर लिटरला 10 मायक्रोग्रॅम म्हणजे अख्ख्या तलावात 25 ग्रॅम. दहा आणि पंधरा यांच्यातला फरक साडेबारा ग्रॅमचा. त्या साडेबारा ग्रॅमसाठी काय काय घडलं आणि भांडण बाटलीतल्या आकड्याचं असताना खरा हिशेब शेवाळात आणि मातीत कसा साठत होता, याचं हे प्रकरण.

उपाशी पाणथळ

एव्हरग्लेड्सला दलदल म्हटलं की चित्र चुकतं. ती खरं तर फार रुंद, फार उथळ आणि कमालीची संथ नदी आहे. किसिमी नदीचं पाणी ओकीचोबी या सुमारे 1,900 चौरस किलोमीटरच्या उथळ सरोवरात यायचं, भर पावसाळ्यात सरोवर दक्षिणेच्या काठावरून ओसंडायचं आणि पाण्याची चादर गवतातून समुद्राकडे सरकत राहायची. उतार किलोमीटरला जेमतेम तीन सेंटिमीटर. खाली चुनखडी, वर हजारो वर्षं कुजून साठलेल्या झाडोऱ्याचा, म्हणजे पीटचा, काळा थर.

या प्रदेशाला पोषण मुख्यतः पावसातून मिळायचं, म्हणजे जवळजवळ मिळतच नसे. आतल्या भागात पाण्यातला एकूण फॉस्फरस लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या खाली. इतक्या उपासमारीत जगणारी मंडळी तशीच काटकसरी असणार. सॉग्रास हे त्यातलं मुख्य झाड. नाव गवताचं असलं तरी जात लव्हाळ्याची, पात्यांच्या कडा करवतीसारख्या. ते सावकाश वाढतं आणि थोडक्यात भागवतं. सॉग्रासच्या उंचवट्यांमधून मोकळ्या पाण्याच्या पन्हळी जातात, आणि या सगळ्या कथेतलं मुख्य पात्र या पन्हळींत राहतं.

ते पात्र म्हणजे पेरिफायटॉन. नीलहरित शेवाळ, डायटम, जिवाणू, बुरशी यांची एकमेकांत विणलेली गोधडी. कधी तळावर पसरलेली, कधी तरंगणारी, कधी पाण्यातल्या काड्यांवर बाहीसारखी चढवलेली. युट्रिक्युलेरिया या कीटकभक्षी वनस्पतीच्या पाण्यातल्या फांद्यांवर ती विशेष दाट असते. सड्यावर फुलणाऱ्या सीतेच्या आसवांची ही सख्खी भावंडं. शेवाळ म्हटलं की आपण बुळबुळीत हिरवं काहीतरी धरून चालतो. ही गोधडी पिवळट-राखाडी असते आणि बोटांत चुरली तर चुन्याची बारीक कचकच लागते. दिवसा प्रकाशसंश्लेषणात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू चढतो आणि चुनखडीवरून आलेल्या जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट शेवाळातच बसतं. जाता जाता ते फॉस्फरसलाही पकडतं. जे सुटतं त्यावर शेवाळातले जिवाणू टपलेले असतात. या पाण्यात फॉस्फरसचा कण मोकळा फिरत राहणं जवळजवळ अशक्य. पुढच्या भांडणात ही गोष्ट पुनःपुन्हा विसरली गेली.

पाणकणीस कुठून आलं

1926 आणि 1928 च्या चक्रीवादळांत ओकीचोबीचं पाणी काठ फोडून गावांत शिरलं. 1928 मध्ये किमान अडीच हजार माणसं गेली. मग सरोवराभोवती बांध आला. 1947 च्या पुरानंतर 1948 मध्ये केंद्र सरकारने मध्य आणि दक्षिण फ्लोरिडासाठी कालवे, बंधारे आणि पंप यांची भलीमोठी योजना मंजूर केली. तिने सरोवराच्या दक्षिणेचा सुमारे 2 लाख 80 हजार हेक्टरांचा पट्टा शेतीसाठी कोरडा करून दिला. तिथे आज मुख्यतः ऊस आहे. त्याच्या खालच्या पाणथळीचे बांध घालून मोठाले कप्पे केले आणि त्यांना जलसंधारण क्षेत्रं म्हटलं. त्याच्याही खाली राष्ट्रीय उद्यान, ज्याचं उद्घाटन 1947 च्या डिसेंबरातच झालं होतं. म्हणजे उद्यानाला राजमान्यता आणि त्याच्या पाण्यावर कुलूप, दोन्ही वर्षभराच्या आत.

शेतीच्या पट्ट्यात बेल ग्लेड येथे फ्लोरिडा विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथे 1924 मध्ये नऊ फुटी काँक्रीटचा खांब पीटमधून खालच्या चुनखडीपर्यंत ठोकला, माथा जमिनीबरोबर ठेवून. खांब जागचा हललेला नाही, जमीन मात्र खाली गेली आहे. आज सहा फुटांच्या आसपास खांब उघडा दिसतो. पीट पाण्याखाली असतो तोवर टिकतो. पाणी काढलं की हवा शिरते, जिवाणू तो अक्षरशः खाऊन टाकतात आणि त्यात हजारो वर्षं बांधला गेलेला फॉस्फरस व नायट्रोजन मोकळा होतो. त्यामुळे ‘उसाला घातलेलं खत वाहून गेलं’ एवढंच निदान अपुरं ठरतं. खत होतंच. खुद्द जमीन विरघळत होती, आणि उत्तरेच्या गोठ्यांचं व कुरणांचं ओझं घेऊन सरोवराचं पाणीही येत होतं. तीनही एकाच कालव्यातून आले की कोणाचा वाटा किती, हे सांगायला वकील लागतात.

परिणाम सगळ्यात ठसठशीत दिसला तो जलसंधारण क्षेत्र 2-ए मध्ये, सुमारे 42 हजार हेक्टरांच्या कप्प्यात. उत्तरेच्या कालव्यावर दरवाजे आहेत, तिथून पाणी आत येतं. दरवाजाजवळ पाण्यात फॉस्फरस शंभराच्या घरात. सात-आठ किलोमीटर आत गेलं की पुन्हा दहाच्या खाली. मधल्या पट्ट्यात मात्र सॉग्रास आणि मोकळ्या पन्हळी हटून पाणकणीस माजलेलं. पाणकणीस इथलंच, परकं नाही. पूर्वी मगरींच्या डबक्यांभोवती, पक्ष्यांच्या विष्ठेने सुपीक झालेल्या जागी असे. फॉस्फरस मिळाला की ते माणसाच्या दुप्पट उंच वाढतं आणि दाट होतं. खाली ऊन पोहोचत नाही. ऊन नाही तर शेवाळाची गोधडी नाही, गोधडी नाही तर पाण्यात दिवसा प्राणवायू भरणारं कोणी नाही. पाणपक्ष्यांना उतरायला मोकळी जागाही उरत नाही. 1991 ते 1995 या चार वर्षांत या एका कप्प्यात निव्वळ पाणकणसाचं क्षेत्र जवळपास चौपट झालं.

इथे एक आडवा मुद्दा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. पाणकणीस फॉस्फरसनेच वाढतं असं नाही. पाणी जास्त खोल आणि जास्त काळ तुंबलं, किंवा आगीने जागा मोकळी केली, तरी ते पुढे सरकतं. बांध घातलेल्या कप्प्यात हे सगळं एकत्रच होतं, म्हणूनच प्रयोगाची गरज होती. दरवाजापासून आतवर नमुने घेत गेलात तर उतरता आलेख सुंदर येतो, पण त्यातून कारण सिद्ध होत नाही.

तलवार

ऑक्टोबर 1988 मध्ये मियामीतले केंद्राचे सरकारी वकील डेक्स्टर लेहटिनेन यांनी फ्लोरिडा राज्याच्या पर्यावरण खात्यावर आणि दक्षिण फ्लोरिडा जल व्यवस्थापन जिल्ह्यावर, म्हणजे तिथलं पाणी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेवर, खटला भरला. म्हणणं सरळ होतं: तुम्ही घाण पाणी सोडता आणि त्याने केंद्राचं राष्ट्रीय उद्यान आणि लॉक्साहॅची अभयारण्य बिघडतं. राज्याने तीनेक वर्षं वकिलांवर पाण्यासारखा पैसा ओतला. 1991 मध्ये गव्हर्नर लॉटन चाइल्स स्वतः कोर्टात उभे राहिले, पाणी घाण आहे हे कबूल केलं आणि आपली तलवार कोणाकडे सोपवायची ते सांगा, असं म्हणाले. 1992 मध्ये न्यायाधीश विल्यम होव्हलर यांनी समझोत्याला हुकूमनाम्याचं रूप दिलं. 1994 मध्ये राज्याचा एव्हरग्लेड्स फॉरेव्हर कायदा झाला.

त्या कायद्यात एक चतुर कलम होतं. ‘नैसर्गिक वनस्पती व प्राण्यांचा समतोल बिघडणार नाही’ हे शब्दांतलं मानक आधीच होतं. ते आकड्यात बसवायला शास्त्रज्ञांना 2003 च्या अखेरपर्यंत मुदत दिली. तोवर आकडा ठरला नाही तर आपोआप 10 लागू. म्हणजे ज्याला दहाहून मोठा आकडा हवा, त्याने पुरावा आणायचा. सिद्ध करायचं ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलं, यावर निम्मा निकाल लागतो. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात प्रभावी वाक्य कुठल्या शोधनिबंधात नाही, ते या कलमात आहे.

दहा की पंधरा

ड्यूक विद्यापीठाच्या पाणथळ केंद्राने कर्टिस रिचर्डसन यांच्या नेतृत्वाखाली 1992 पासून 1998 पर्यंत 2-ए च्या आतल्या, न बिघडलेल्या पन्हळीत प्रयोग केले. पन्हळीतच लांबट पाट आखायचे, प्रत्येकात फॉस्फेटची वेगळी मात्रा सोडत राहायची आणि शेवाळ, वनस्पती, किडे कोणत्या पातळीला बदलतात ते पाहायचं. या माहितीवर नंतर बेझियन या संख्याशास्त्रीय पद्धतीने ‘बदलबिंदू’ शोधले. 2007 च्या निबंधाचा निष्कर्ष: पाण्यातल्या एकूण फॉस्फरसची भूमितीय सरासरी 15 च्या वर गेली की शेवाळ, वनस्पती, अपृष्ठवंशीय प्राणी या सगळ्यांत समतोल ढळतो, ऋतू आणि खोली पाहता एकच रेघ मारण्यापेक्षा 12 ते 15 असा पट्टा मानणं जास्त वास्तवाला धरून. या केंद्राच्या कामाला ऊस पट्ट्यातल्या जमीनधारकांच्या करावर चालणाऱ्या एका स्थानिक संस्थेकडून निधी होता. हे तेव्हाही उघड होतं आणि त्यावरून टोमणेही बरेच झाले. पैसा कुठून आला यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. तसं तर एफआययूचे पाट खटल्यातल्या फिर्यादी पक्षाच्याच उद्यानात होते. पाहायचं ते प्रश्न काय विचारला होता हे.

एफआययूची मांडणी दिसायला तशीच, पण मात्रा कितीतरी कमी. उद्यानातल्या अस्पर्श पाणथळीत प्रवाहाच्या दिशेने शंभर मीटर लांब पाट, चार-चारच्या तीन संचांत. प्रत्येक संचात एका पाटात काही नाही. बाकी तिघांत नैसर्गिक पातळीच्या वर 5, 15 आणि 30 मायक्रोग्रॅम. पाणी एका टोकाने आपल्या चालीने शिरतं, दुसऱ्या टोकाने निघतं. मात्रा शिरणाऱ्या पाण्यात. आणि मग वाट पाहायची, पाच वर्षं.

बदलांचा क्रम तिन्ही मात्रांत सारखाच निघाला. आधी शेवाळाच्या ऊतींत फॉस्फरस चढला. मग गोधडीतल्या जाती बदलल्या, चुना धरणारी शेवाळं हटली. मग गोधडी विस्कटून नाहीशी झाली. तळावरचा मऊ गाळ, माती, वनस्पती यांच्यावर परिणाम पुढे सरकत गेला. 30 च्या पाटात हे लवकर झालं, 5 च्या पाटात सावकाश. पण पोहोचले सगळे एकाच ठिकाणी. वेगात फरक, मुक्कामात नाही. आणि हे सारं होत असताना पाण्यातला एकूण फॉस्फरस पाचव्या वर्षापर्यंत नैसर्गिक पातळीच्याच आसपास राहिला.

कारण वर आलंच आहे. उपाशी शेवाळ येणारा प्रत्येक कण पाण्यातून उचलत होतं. बाटलीत उरत होता तो उरलासुरला भाग. फॉस्फरस पाटात पुढे सरकतही होता, पण पाण्यातून कमी आणि सजीवांच्या अंगाखांद्यावरून जास्त: शेवाळाचे तुटलेले तुकडे वाहत पुढे, तिथे नवा बदल, मग आणखी पुढे. एव्हलिन गायझर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हेच स्वतंत्रपणे मांडलं होतं, की कमी मात्रेचं प्रदूषण वेळीच ओळखायचं तर पाण्याऐवजी शेवाळाच्या गोधडीतला फॉस्फरस मोजा.

आता दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवा. ड्यूकचा 15 या प्रश्नाचं उत्तर आहे, की पाण्यात किती फॉस्फरस दिसतो तेव्हा बदललेली जीवसृष्टी सापडते. एफआययूने विचारलेला प्रश्न वेगळा: या पाणथळीत वरून किती घातलं तर ती न बदलता पचवेल? त्याचं उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’. पहिला प्रश्न पातळीचा, दुसरा साठत जाणाऱ्या ओझ्याचा. ही उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. ज्या दिवशी बाटलीत 15 दिसतात, त्या दिवसापर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं, एवढंच. डॉक्टरकडे ताप घेऊन गेलेल्याला ताप आदल्या रात्री आला असं वाटतं, पण दुखणं आठवडाभर अंगात असतं, तसलाच प्रकार. तरीही वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंनी ‘दहावाले’ आणि ‘पंधरावाले’ असे तट पडले, जणू एकाच वजनकाट्यावर दोघांनी वेगळा आकडा वाचला आहे.

कायद्याला मात्र पाण्यातलाच आकडा लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दरवाजातून जातं ते पाणी, परवाना मिळतो तो पाण्याला. शेवाळाचा तुकडा वाळवून त्यातला फॉस्फरस मोजणं शास्त्र म्हणून उत्तम. पण त्यावरून पंप बंद करायचा हुकूम कोण काढणार?

ठरलेला आकडा

2003 मध्ये राज्याने नियम केला: 10. खात्याच्या शास्त्रज्ञांचं मुख्य सूत्र असं, की न बिघडलेल्या भागातल्या नमुना-केंद्रांवर वर्षानुवर्षं फॉस्फरस जितका वरखाली होतो त्याची वरची हद्द दहाच्या आसपास येते. मिकोसुकी या मूळ रहिवासी जमातीने आपल्या हद्दीतल्या पाण्यासाठी 10 आधीच ठरवला होता आणि केंद्राच्या पर्यावरण संस्थेने तो 1999 मध्ये मान्यही केला होता.

पण ‘10’ म्हणजे नक्की काय, हे नियमात वाचावं लागतं. पाणथळीतल्या नमुना-केंद्रांच्या जाळ्यावर चार कसोट्या लागतात. पाच वर्षांची भूमितीय सरासरी 10 किंवा कमी. पाचांपैकी तीन वर्षांत सगळ्या केंद्रांची वार्षिक सरासरी 10 किंवा कमी. कुठल्याही एका वर्षी ती 11 च्या वर नको. आणि कुठल्याही एका केंद्राची वार्षिक सरासरी 15 च्या वर नको. म्हणजे शेवटी 15 सुद्धा नियमात आलाच, वेगळ्या खुर्चीवर. भूमितीय सरासरी घेतली की एखाद्या दिवसाचा उसळलेला आकडा सबंध वर्षाला वर ओढू शकत नाही. हे पाणथळीला धरून आहे, कारण उथळ पाण्यात एक मासा जरी गाळ ढवळून गेला तरी नमुना बिघडतो. दहा मायक्रोग्रॅमच्या गप्पा करताना बाटली बुडवणाऱ्याचा हात तळाला लागला का, हा फालतू प्रश्न राहत नाही. पाणी दहा सेंटिमीटरपेक्षा उथळ असेल तर नमुनाच घ्यायचा नाही, असा दंडक त्यातूनच आला.

त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून पूर्तता लांबणीवर टाकली, न्यायाधीश होव्हलर यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली आणि एका साखर कंपनीच्या अर्जावरून त्यांना या खटल्यातून दूर केलं गेलं. कोर्टातलं राजकारण इथे एवढ्यावरच सोडतो.

पाणथळीनेच पाणी धुणं

शेतात पहिला उपाय अगदी साधा निघाला. माती तपासून खत घालणं, ते ओळीत देणं, कालव्यातला गाळ काढणं, आणि पाऊस पडला की लगेच पंप सुरू न करता पहिला अर्धा-एक इंच शेतातच थोपवणं. कायद्याने पट्ट्यातून निघणाऱ्या फॉस्फरसमध्ये 25 टक्के घट सक्तीची केली होती. दीर्घ सरासरीत ती 50 टक्क्यांच्या वर गेली. बागायतदारांना खलनायक ठरवून मोकळं होणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र शेताबाहेर काहीतरी लागणार होतं.

ते म्हणजे मानवनिर्मित पाणथळी. 1994 मध्ये सुमारे 1,500 हेक्टरांवर नमुना म्हणून पहिली सुरू झाली. लक्ष्य 50 चं होतं. बाहेर पडणारं पाणी त्याच्या निम्म्याहून खाली, वीस-बावीसच्या घरात आलं. मग एकेक करत जाळं उभं राहिलं. आज या शुद्धीकरण पाणथळी 23 हजार हेक्टरांच्या वर आहेत. त्यातली एकच साडेसहा हजार हेक्टरांहून मोठी आहे.

आणि या पाणथळींच्या पहिल्या कप्प्यात काय लावलंय? पाणकणीस. ज्याच्या नावाने खटला झाला, तेच इथे नोकरीला ठेवलंय. भरपूर फॉस्फरस खाऊन झपाट्याने वाढायचं, मरून तळाला बसायचं आणि आपल्याबरोबर फॉस्फरस गाडायचा, हे त्याच्याइतकं कोणाला जमत नाही. पुढच्या कप्प्यात पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, कारा शेवाळासारख्या. त्या उरलेल्यातलं आणखी खेचतात. पण पाणी 20 वरून 13 वर आणणं हे 100 वरून 20 वर आणण्यापेक्षा अवघड निघालं. तळाची माती स्वतःच फॉस्फरस सोडते, आणि शुद्धीकरण पाणथळी बांधल्या त्या बहुतेक जुन्या शेतांवरच, त्याच पीटवर. फ्लोरिडा विद्यापीठात के. रमेश रेड्डी यांनी या साठलेल्या, ‘वारशाने आलेल्या’ फॉस्फरसवर दीर्घकाळ काम केलं आहे. येणारं पाणी उद्या स्वच्छ झालं तरी माती जुनी थकबाकी बरीच वर्षं चुकवत राहणार, हा त्याचा रोख.

बाकीच्या अडचणी रोजच्या आहेत. दुष्काळात कप्पा कोरडा पडला की माती हवेशी भिडते आणि पुन्हा पाणी येताच फॉस्फरसचा लोंढा सुटतो. चक्रीवादळात झाडोरा उपटून निघतो. पाण्याची पातळी खाली असताना स्टिल्ट पक्षी तळावर अंडी घालतात आणि कायद्याने ती घरटी बुडवता येत नाहीत, मग पाणी दुसरीकडे वळवायचं. पाणी एकदम येऊ नये म्हणून 2012 च्या 88 कोटी डॉलरच्या आराखड्यात आधी साठवण जलाशय आणि मग पाणथळ अशी रचना आली. बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादाही तेव्हाच ठरली: पाचांपैकी तीनपेक्षा जास्त वर्षांत 13 च्या वर नाही आणि कुठल्याच वर्षी 19 च्या वर नाही.

13 च्या खाली सातत्याने कोण गेलं? चाळीसेक हेक्टरांचा एक प्रायोगिक कप्पा. तिथला पीट खरवडून काढला, थेट चुनखडीपर्यंत, आणि पेरिफायटॉनला मोकळं सोडलं. पाणी 8 ते 13 च्या दरम्यान निघू लागलं. शेवटच्या काही मायक्रोग्रॅमना पकडायला तीच चुन्याची कचकच लागली. हजारो हेक्टरांवरचा पीट खरवडायचा खर्च पाहिला की हा उपाय सगळीकडे का नाही, ते कळतं.

मोकळे केलेले चौकोन

राहता राहिला 2-ए मधला पाणकणसाचा पट्टा. त्याच्या मातीत फॉस्फरस भरलेला आहे; पाणी सुधारून तो आपोआप मागे हटेल अशी आशा थोडी. 2006 मध्ये तिथे पंधरा मोठे चौकोन आखले, प्रत्येक सव्वासहा हेक्टरांचा. काहींवर तणनाशक फवारलं, आग लावली, वाळलेलं पाणकणीस जाळून मोकळं पाणी उघडं केलं. काही तुलनेसाठी तसेच ठेवले.

ऊन पाण्यापर्यंत पोहोचलं तसा दिवसा प्राणवायू वाढला. पाणपक्षी उतरले, उथळ पाण्यात मासे टिपू लागले. जिथे वर्षानुवर्षं भिंतीसारखं पाणकणीस होतं तिथे आकाश दिसलं. अधूनमधून पुन्हा फवारलं नाही तर ते कडेने परत शिरतं, म्हणून फवारणी चालू ठेवावी लागली.

पाण्याखाली मात्र वेगळं काही उगवलं. चुन्याची पिवळट गोधडी परतली नाही. तिच्या जागी कारा आला, शुद्धीकरण कप्प्यांतला तोच, हिरवा आणि दाट. पक्ष्यांना त्याने फरक पडलेला दिसला नाही. नोंदवहीत त्या चौकोनांसमोर ‘पूर्वस्थिती’ लिहायचं की ‘सुधारित अधिवास’, यावर अभ्यासकांनी दुसरा शब्द निवडला. प्रकल्पाच्या नावातच तो आधीपासून होता.